कार्डं हर्रासीत काढावी की भाव लावून ठेवावी? घडीघडी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे एफएक्यू म्हटलं की लोकांना आधी सोयाबीन आठवते. फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. दाणा भरलेला, काडीकचरा कमी, ओलावा बसला तर माल एफएक्यूत गेला, नाही तर व्यापारी तोंड वाकडं करून पुढच्या ढिगाकडे. हे एफएक्यू त्यातलं नाही, हे कार्डांबद्दल घडीघडी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं (फ्रिक्वेंटली आस्क्ड क्वेश्चन्स) आहे. आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे आणि सात-आठ वर्षांपासून दुकानाच्या मागच्या कपाटातून मी कार्डं विकतो, क्रिकेटची, डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं, पोकेमॉन, कधीमधी मॅजिक नावाच्या खेळाची. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक रोज तेच तेच विचारतात आणि तेच तेच टाइप करून अंगठा दुखतो, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. लिलावाला आम्ही हर्रास म्हणतो, तसंच लिहिलं आहे, पुण्यावाल्यांनी समजून घ्यावं.

एका वाक्यात सांगा ना भाऊ, हर्रास करू की भाव लावू?

त्या कार्डासाठी एकाच वेळी जीव टाकणारे दोन तरी गिऱ्हाईक असतील तर हर्रास, नाही तर भाव लावा आणि वाट पाहा.

हे मी कार्डातून नाही, हिंगणघाटच्या यार्डातून शिकलो. बाबांसोबत कापूस घेऊन जायचो तेव्हा गाड्यांची रांग लागायची, व्यापारी एकेका गाडीपाशी यायचे, मूठभर कापूस उपसून दोन्ही हातांनी धागा ओढून बघायचे आणि बोली सुरू. ज्या दिवशी पाच-सहा जण मागे फिरत असत त्या दिवशी कोणी थांबायला तयार नसे, दहा-दहा वीस-वीस करत भाव चढायचा. आणि ज्या दिवशी आभाळ भरून आलेलं, व्यापारी दोनच, तेही आत्ताच एका टपरीवर चहा पिऊन आलेले, त्या दिवशी पहिली बोली तीच शेवटची. कापूस तोच, वावर तेच, वेचणारी बाईसुद्धा तीच. बाबा म्हणायचे, "भाव कापसात नसते बाप्पा, भाव गाडीच्या भोवताल किती जण उभे हायेत त्याच्यात असते."

कार्डाचं शंभर टक्के असंच आहे. फरक एवढाच की मोबाइलवर गाडीभोवती किती उभे आहेत ते दिसत नाही, ते अंदाजानं ओळखावं लागते. ग्रुपवर ते कार्ड मागणारी पोस्ट महिन्यात किती वेळा पडते, मागच्या वेळी कोणी विकलं तेव्हा खाली किती जणांनी "मला पाहिजे होतं" लिहिलं, हे बघत राहायचं.

पण हर्रासीत सगळ्यात जास्त देणाऱ्याचा भाव भेटते ना?

नाही! इथंच निम्मे लोक फसतात. हर्रासीत तुम्हाला दुसऱ्या नंबरच्या माणसाचा भाव भेटते, त्यावर थोडं वरखर्चाला.

समजा एका कार्डासाठी बंगलोरचा एक जण मनातून २००० पर्यंत जायला तयार आहे आणि अमरावतीचा एक जण ९०० पर्यंत. बोली ५० नं वाढते आहे. अमरावतीवाला ९०० वर थांबला, बंगलोरवाल्यानं ९५० म्हटलं, झालं, खेळ खतम. त्याच्या खिशातले बाकीचे १०५० तुम्हाला कधी दिसणारच नाहीत. तेच कार्ड तुम्ही १७०० ला भाव लावून ठेवलं असतं आणि बंगलोरवाल्याच्या नजरेस पडलं असतं तर त्यानं गुपचूप घेतलं असतं. "नजरेस पडलं असतं तर", मेख तिथंच आहे.

हे मी नाही म्हणत, विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये हे गणित मांडलं आणि १९९६ चं नोबेल त्याला भेटलं. (आडनाव विक्री असलेला माणूस विक्रीवर लिहितो, आता काय बोलावं.) गंमत म्हणजे, जिंकणाऱ्यानं दुसऱ्या नंबरचा भाव द्यायचा ही पद्धत पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांच्या टपाली लिलावात एकोणिसाव्या शतकातच होती, म्हणजे छंदवाल्या लोकांना हे प्रोफेसरांच्या आधीपासून माहीत होतं. इबे या अमेरिकन खरेदी-विक्रीच्या साइटवर बोली लावताना तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम टाकता आणि सिस्टिम गरजेपुरतीच वाढवत जाते, तेही त्याच घराण्यातलं.

मग हर्रास करायचीच काहून?

कारण कधी कधी आपल्यालाच माहीत नसते की आपल्या हातात काय आहे.

चार वर्षांमागे गावातल्या एका काकूंच्या माळ्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. आत त्यांच्या पोराची, आता तो नागपूरला नोकरीला आहे, लहानपणची बिग फन बबलगममधून निघणारी क्रिकेटची चित्रं, रन आणि विकेट लिहिलेली, रबर लावून ठेवलेली. रबर वितळून वरच्या दोन चित्रांना चिकटलं होतं, बाकी कोरी. काकू म्हणे, "शे-दोनशे भेटले तं पाय, नाही तं चुलीत जाते." मी मनात ५०० धरले होते. भावच लावला असता तर ५०० लावला असता आणि पाच मिनिटांत कोणी तरी उचलला असता आणि मी खूशही झालो असतो. पण खरंच अंदाज नव्हता म्हणून पाच दिवसांची हर्रास ठेवली, सुरुवात ३०० पासून. तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी दोन जण भिडले, दोघंही चाळिशीचे, दोघांनाही लहानपणी ज्या विकेटी कमी पडल्या होत्या त्या त्यात होत्या. ३४५० वर थांबलं. काकूंना सांगितलं तर त्यांना आधी वाटलं मी थट्टा करतो.

म्हणजे, भाव माहीत नाही, माल एकुलता एक, आणि वेडे लोक आहेत एवढं पक्कं ठाऊक, तेव्हा हर्रास. मोठ्या दुनियेतही असंच चालते. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या सेटमधलं मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं एक अप्रतिम अवस्थेतलं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, तेव्हाच्या हिशेबानं १०० कोटी रुपयांच्या आसपास. तसल्या कार्डावर स्टिकर लावून भाव कोण लिहिणार? आणि लिहिला तरी किती लिहिणार?

फिक्स भाव ठरवायचा कसा?

लोक काय मागतात ते बघू नका, कितीला गेलं ते बघा. इबेवर "सोल्ड आयटम्स" असा फिल्टर आहे, मागच्या ९० दिवसांत खरंच विकलेलं दिसते. घासाघीस करून ठरलेल्या सौद्यात मात्र इबे खरा आकडा दाखवत नाही, मूळ भावावर काट मारते फक्त, तो आकडा १३०पॉइंट नावाच्या साइटवर सापडतो. पाच-सहा विक्र्या घ्या, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची फेकून द्या, मधल्यांवर भाव धरा.

पण डॉलरचा आकडा जसाच्या तसा रुपयात करू नका. इथं गिऱ्हाईक कमी, आणि क्रिकेटचं कार्ड असेल तर उलटंही होते, तिकडे कोणी विचारत नाही आणि इकडे उड्या पडतात. म्हणून इथल्या ग्रुपवरची जुनी "सोल्ड" लिहिलेली पोस्ट शोधा, त्याच्यासारखा पुरावा नाही. मी एक जुनी वही ठेवली आहे, शाळेची दोनशेपानी, तारीख, कार्ड, अवस्था, कितीला गेलं, दुसरा नंबर कितीवर थांबला. शेवटचा रकाना कोणी ठेवत नाही, आणि सगळ्यात कामाचा तोच.

एक रुपयापासून सुरू केली तर गर्दी जमते म्हणतात, खरं आहे का?

गर्दी जमते. मग कधी ती गर्दी झोपून जाते.

पहिल्याच वर्षी मी एक चांगलं चमकीचं क्रिकेट कार्ड एक रुपयापासून लावलं, लाइक भरपूर, "फॉलोइंग" म्हणून टिंबं टाकणारे वीस-बावीस जण, मला वाटलं हजार कुठं गेला नाही. शेवट ठेवला रात्री अकराला. त्या रात्री नऊला वारं सुटलं, डीपीचा फ्यूज उडाला, आणि गावातली लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही झोपतो. मी गच्चीवर मोबाइल हातात धरून एक दांडी शोधत फिरतो आहे, बायको खालून ओरडते आहे की साप-विंचू चावेल, खाली या. सकाळी रेंज आली तर कार्ड १४० रुपयाला गेलं होतं. टिंबं टाकणाऱ्यांपैकी एकानंही बोली लावली नव्हती, आणि एक जण बिचारा शेवट बारापर्यंत वाढवता का म्हणून मला मेसेज करत होता, तो मला पोचलाच नाही.

१४० ला दिलं. द्यावंच लागते. एकदा बोली लागली आणि तुम्ही मागे फिरले की ग्रुपवर तुमचं नाव गेलं समजा, मग पुढच्या वेळी सोनं लावलं तरी कोणी बोलत नाही.

तर एक रुपयाची सुरुवात अशाच कार्डाला ज्याला वीस जण हमखास मागतात आणि ज्याचा भाव सगळ्यांना पाठ आहे. गंमत बघा, तसल्या कार्डाला तर फिक्स भावही लगेच भेटते.

मग रिझर्व ठेवावा का? किती?

रिझर्व म्हणजे आपला हमीभाव. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता, म्हणजे यार्डात हर्रास त्याखाली गेली तर कास्तकार म्हणू शकतो की जा बाप्पा, मी सीसीआयला, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला घालतो. (नंबर कधी लागते ही गोष्ट वेगळी.) कार्डासाठी सीसीआय नाही. तुमचं कार्ड पडेल भावात घ्यायला कोणतंही सरकार बसलेलं नाही, तुमचे तुम्हीच. म्हणून स्वतःला विचारायचं की कितीच्या खाली हे कार्ड मी परत कपाटात ठेवलेलं बरं. तो आकडा म्हणजे सुरुवातीची बोली, आणि तो उघड सांगा, लपवलेला रिझर्व लोकांना आवडत नाही, बोली लावून लावून शेवटी "रिझर्व नॉट मेट" आलं की माणूस चिडतो.

यावर खरोखरचा प्रयोग झालेला आहे, आणि तोही कार्डांवरच. डेव्हिड लकिंग-रायली नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात इंटरनेटवर मॅजिकची कार्डं स्वतः विकून पाहिली, वेगवेगळ्या पद्धतीच्या हर्रासीनं. त्याला दिसलं की सुरुवातीची रक्कम वाढवली की बोली लावणारे कमी होतात, न विकलेली कार्डं वाढतात, पण जी विकतात ती जास्त भावानं विकतात. म्हणजे फुकट काही नाही. घाई असेल तर खालून सुरू करा, घाई नसेल तर वरून. घरात सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे भरायचे आहेत आणि रिझर्व उंच ठेवून बसला आहात, असं करू नका.

शेवटच्या दहा सेकंदांत कोणी तरी बोली टाकून उचलून नेतो, त्याचं काय करायचं?

त्याला स्नायपिंग म्हणतात. इबेवर घड्याळ संपलं की संपलं, तिथं काही करता येत नाही, आणि करायची तेवढी गरजही नाही, कारण ज्यानं आपली खरी कमाल रक्कम आधीच टाकून ठेवली त्याला स्नायपर हरवू शकत नाही, त्याच्यापेक्षा जास्त दिल्याशिवाय.

व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाच्या हर्रासीत मात्र नियम तुम्हीच लिहिता, तर पोस्टमध्ये ठळक लिहा: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पुढे पाच मिनिटं वाढतील, आणि असं कोणी बोलणं थांबेपर्यंत. यार्डातला माणूस "एक वार, दोन वार" म्हणून थांबतो ना, तेच. सोबत एसबी म्हणजे सुरुवातीची बोली, एमआय म्हणजे कमीत कमी किती वाढवायची, बिन म्हणजे एकदम उचलायचा भाव, आणि पोस्टाचा खर्च कोणाकडे, हे चार आकडे नसले की कमेंटमध्ये महाभारत होते.

हर्रास कधी संपवावी?

इथल्या गिऱ्हाईकासाठी रविवारी रात्री नऊ ते दहा, जेवणं झालेली असतात आणि सोमवारची धाकधूक असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगारवाल्यांचा हात सैल असतो. अमेरिकेतल्या लोकांसाठी त्यांची रविवार संध्याकाळ धरायची, उन्हाळ्यात त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा. दूध घालून येईपर्यंत निकाल लागलेला असतो. पोळ्याच्या पाडव्याला आणि लग्नाच्या दाट तिथीला ठेवू नका, तुम्हालाच रिप्लाय द्यायला वेळ नसतो.

मित्राच्या नंबरवरून बोली चढवली तर कोणाला समजते?

नका करू. इबेवर अकाउंट जाते, ग्रुपवर इज्जत जाते, आणि अर्ध्या वेळा कार्ड मित्राच्याच गळ्यात पडते. उलटंही लक्षात ठेवा, घेणारेही आपसात ठरवतात, "हे तू घे, पुढचं मी घेतो", यार्डात काय कमी पाहिलं का आपण. पाच बोलणारे एकदम गप्प झाले की समजायचं, आणि पुढच्या वेळी तो माल फिक्स भावात टाकायचा.

जिंकला आणि पैसेच देत नाही, फोन उचलत नाही. आता?

चोवीस तास द्या, मग दुसऱ्या नंबरला विचारा, त्याच्या शेवटच्या बोलीवर. जबरदस्ती नाही करता येत. फिक्स भावात हा त्रास कमी, कारण तिथं पैसे आले तरच सौदा झाला.

आणि एक, "पैसे पाठवतो, ही रिक्वेस्ट अ‍ॅक्सेप्ट करून पिन टाका" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आमच्या गावातल्या एका शिकलेल्या पोट्ट्यानं १२०० रुपयांचं कार्ड विकायला जाऊन ४००० घालवले.

भाव लावून तीन महिने झाले, कुत्रं विचारत नाही. हर्रासीत टाकू का?

थांबा. फिक्सवर जे कोणी विचारत नाही ते हर्रासीत आणखी वाईट पडते, कारण फिक्सवर एका माणसाची वाट पाहायची असते आणि हर्रासीत त्याच आठवड्यात दोघांची.

आधी भाव उतरवून बघा, पण सांगून. मंगळवारच्या बाजारात सांज पडली की टमाट्यावाली कशी "वीसचे पंधरा, पंधराचे दहा" करत येते, आणि तुम्हाला पाहिजेच असेल तर तुम्ही दहाची वाट पाहात नाही, बाजूची बाई उचलेल म्हणून पंधरालाच पिशवी पुढे करता. हीच डच पद्धतीची हर्रास. मी स्टेटसला टाकतो, आज ९००, रोज ५० नं खाली, पहिला जो "घेतलं" म्हणेल त्याचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक वेळा कोणी तरी घाबरून घेतो. त्या लकिंग-रायलीच्या मॅजिक कार्डांच्या प्रयोगातही (तो १९९९ मध्ये छापून आला) उतरत्या भावाच्या हर्रासीनं बंद पाकिटातल्या बोलीपेक्षा साधारण ३० टक्के जास्त कमावले होते. मला ते वाचून टमाट्यावालीला नोबेल द्यावं वाटलं.

दुसरा उपाय घासाघीस उघडी ठेवायची, इबेवर बेस्ट ऑफर. इथं तर ती उघडी ठेवली काय न ठेवली काय, "दादा लास्ट किती" येणारच. भाव लावतानाच दहा टक्के "लास्ट किती"साठी धरून ठेवा. आणि पहिल्याच मेसेजला खाली येऊ नका, समोरच्याला वाटते काही तरी खोट आहे.

कार्डाची अवस्था किती बघतात?

लय बघतात. कापसात ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, १२ च्या वर गेला तर सीसीआय हातच लावत नाही, तसं इथं कोपरे, कडा, वरचा भाग आणि चित्र मधोमध छापलं आहे का, या चार गोष्टींवर ठरते. पीएसए सारख्या कंपन्या १ ते १० नंबर देऊन कार्ड प्लास्टिकच्या डब्बीत सील करून देतात. नंबर लागलेलं कार्ड म्हणजे पोत्यावर शिक्का बसला, त्याचा भाव सगळ्यांना माहीत, म्हणून ते मी फिक्सलाच लावतो. बिना नंबरचं, कोपरे चांगले वाटतात पण खात्री नाही, असं कार्ड हर्रासीत टाकावं, चारी कोपऱ्यांचे फोटो घालून; ज्याला त्यात दहा नंबर दिसतो तो आपल्या हिमतीवर बोली लावतो.

विदर्भवाल्यांसाठी खास: कूलरसमोर कार्डं ठेवू नका! मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आपल्याला कूलर लागतोच, पण त्याच्या दमट हवेनं चमकीचं कार्ड वाकते, कारण मागचा कागद ओल पितो आणि समोरची चमकी पीत नाही. एकदा दुपारी जेवायला गेलो आणि येऊन बघतो तर काउंटरवरची अकरा होलो म्हणजे चमकीची कार्डं पापडासारखी वळलेली. स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पातळ खोळीत) घालून, जाड पुस्तकाखाली, कोरड्या कपाटात ठेवून सात सरळ झाली, चार नाही झाली. ती चार "वाकलेली आहेत" लिहून उक्ती, एकगठ्ठा विकली.

पोराकडे सोनेरी पोकेमॉन कार्डांचा गठ्ठा आहे, किती येतील?

बसस्टँडच्या दुकानातून दहा-वीस रुपयांचं पाकीट घेतलं असेल तर काहीच नाही, पोराला खेळू द्या. खरं पोकेमॉन कार्ड उभं धरून कडेला बघितलं तर मधून एक बारीक काळपट थर दिसतो, नकलीत बहुतेक वेळा तो नसतो आणि टॉर्च लावली की उजेड आरपार येतो. मागच्या बाजूचा निळा रंगही फिका किंवा जांभळा मारतो. माहीत असून नकली विकणाऱ्याशी मी बोलत नाही, आणि माहीत नसताना विकलं असेल तर पैसे परत करा, विषय संपवा.

ढीगभर साधी कार्डं आहेत, एकेक लावू का?

नाही हो. संत्र्याची बाग व्यापाऱ्याला उक्ती देतो ना आपण, झाडावरची फळं मोजत बसत नाही, तसं. दहा-वीस रुपयांचं कार्ड एकेक विकाल तर पाकीट-पोस्टातच ते खाऊन जाते. आधी ढिगातून चांगली आठ-दहा वेचून काढा, ती वेगळी. उरलेला ढीग भाव लावून एका माणसाला. पण ढिगात एक-दोन बरी कार्डं मुद्दाम राहू द्या, पूर्ण वेचलेला ढीग म्हणजे फरतड, शेवटचा हलका कापूस, कोणी घेत नाही.

खर्च किती धरायचा?

इबेवर फी साधारण १३ टक्क्यांच्या घरात जाते आणि ती पोस्टाच्या पैशांवरसुद्धा लागते, हे लोक विसरतात. हर्रासीत अडचण अशी की शेवटचा भाव तुमच्या हातात नसतो पण खर्च ठरलेला असतो, १४० ला गेलेल्या कार्डालाही टॉपलोडर (कडक प्लास्टिकची खोळ), पुठ्ठा आणि स्पीड पोस्ट तेवढंच लागते. (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, त्यामुळे "साधं रजिस्टर करा" म्हणणाऱ्यांना समजावून सांगा.) माझा नियम, पाचशेच्या आतलं कार्ड एकटं हर्रासीत नाही. आणि पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ काढा. एका कुरिअरवाल्यानं माझं पार्सल असं दिलं होतं की पुठ्ठा मधोमध मुडपलेला, व्हिडिओ होता म्हणून गिऱ्हाईकानं माझ्यावर विश्वास तरी ठेवला. पैसे मीच परत केले, ते वेगळं.

इबे भारतात बंद झालं ना? मग कुठं विकायचं?

भारतातली साइट बंद झाली. इथं बाझी डॉट कॉम होतं, ते २००४ मध्ये इबेनं घेतलं, त्याचं इबे डॉट इन झालं, आणि ते २०१८ मध्ये बंद पडलं. अमेरिकेतलं मूळ इबे चालू आहे आणि इथून तिकडे विकता येते. तेसुद्धा १९९५ मध्ये ऑक्शनवेब नावानं निव्वळ हर्रासीसाठी सुरू झालं होतं, २००० मध्ये बाय इट नाऊ आलं आणि आता तिथं बहुतेक माल भाव लावूनच विकतो. माझ्या मते कारण साधं, गाडीभोवती उभं राहायला लोकांना वेळ नाही.

बाहेर पाठवायचं तर आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढावा लागते, आणि पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातून कागदं होतात. अमेरिकेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलची ड्युटीमाफी काढून टाकली, तेव्हा आपल्या पोस्टानं तिकडचं बुकिंग काही आठवडे बंद ठेवलं होतं, ऑक्टोबरात परत सुरू झालं. माझ्या दोन हर्रासी त्यात अडकल्या, गिऱ्हाईक भले होते म्हणून थांबले. तेव्हापासून बाहेरच्यांसाठी हर्रास नाहीच, फिक्स, आणि ड्युटी कोण भरणार ते पोस्टमध्ये वरच लिहितो.

इथल्या इथं विकायचं तर फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाचे ग्रुप. ज्या ग्रुपवर "सोल्ड"च्या जुन्या पोस्टी पुसत नाहीत तो ग्रुप चांगला.

आबांनी जमवलेली काडेपेटीवरची चित्रं आहेत, कार्डांसारखी तीही विकतात का?

विकतात, आणि भाव कोणालाच पाठ नाही, घेणारे थोडे पण हट्टी, म्हणजे हर्रासीचाच माल. पण ती पाण्यात भिजवून सोडवायला घेऊ नका, काही जणांना अख्खी पेटीच पाहिजे असते. आहेत तशीच वर्तमानपत्रावर मांडा, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा आणि आधी मला पाठवा, आज रात्री लाइट असली तर बघून सांगतो.